झोफानीने अँजेलिकाला भिंतीवर का टांगलं?

रेषाबाई:
लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या सदस्यांचं योहान झोफानीने १७७१-७२ मध्ये काढलेलं समूहचित्र बघा. संस्थापक सदस्यांत बायका दोनच, अँजेलिका काउफमान आणि मेरी मोझर. चित्रात पुरुष मंडळी नग्न मॉडेलभोवती जमली आहेत. या दोघी कुठे? उजव्या भिंतीवर, चौकटीत, ओझरत्या. चित्रं काढणाऱ्यांचीच चित्रं करून टांगली. अपमान नाही तर काय!

गेरू:
दोष नियमाचा, झोफानीचा नव्हे. नग्न मॉडेलच्या वर्गात बायकांना मज्जाव होता. तरी त्याने दोघींना आत आणलंच ना? चित्रकार गेन्सबरो सदस्य असून चित्रात नाही.

रेषाबाई:
पण प्रसंग कोणी निवडला? सभा किंवा प्रदर्शनाचं दालनही रंगवता आलं असतं. स्वतःला मात्र पॅलेटसकट डाव्या कोपऱ्यात बसवायला विसरला नाही.

खडू:
भिंतीचं सोडा, खरा फटका कामाला बसला. मॉडेल नाही म्हणजे प्लास्टरचे पुतळे आणि छापील चित्रं यांवरून शिकायचं. पुतळा या पायावरचा भार त्या पायावर टाकत नाही. हात वर गेला की खांद्याचं पातं कसं सरकतं, भार पडलेल्या बाजूचं नितंब कसं वर येतं, हे जिवंत माणूस हलतो तेव्हाच कळतं. ते न बघता काढलेले पुरुष मऊ होतात, हाडं नसल्यासारखे. काउफमानचे पुरुष बायकी, हा शेरा तिच्या हयातीतच पडला होता.

गेरू:
तिचं उत्तर छतावर आहे. अकॅडमीसाठीच तिने १७७८-८० मध्ये चार लंबगोल चित्रं केली. त्यांतल्या 'डिझाइन'मध्ये एक बाई बेल्व्हेडेअर टॉर्सो हा प्राचीन संगमरवरी पुतळा समोर ठेवून रेखाटते आहे. पुरुषाचं उघडं धडच, पण निर्जीव, म्हणजे नियमात बसणारं. टोमणा मारावा तर असा!

रेषाबाई:
टोमण्याने नियम हलला का? बायकांच्या वर्गात पुरुष मॉडेल आला १८९३ मध्ये. तोही कसा, तर आधी पोहायची चड्डी, तिच्यावर ९ फूट लांब, ३ फूट रुंद कापड कमरेला गुंडाळून पायांमधून घेऊन खोचलेलं, आणि ते सुटू नये म्हणून वर चामड्याचा पट्टा. मांडी धडाला जिथे मिळते तीच जागा बंद. आकृतीचा तोल तिथेच तर कळतो! त्या दोघींनंतर पूर्ण सदस्य झालेली बाई म्हणजे लॉरा नाइट, १९३६ मध्ये.

खडू:
सरळ काष्टाच की हा, पट्ट्यासकट.