ड्रॅक्युला टिकला तो कादंबरीमुळे की नाटक-सिनेमामुळे?

रातकिडा:
परवा ग्रुपवर कोणीतरी ठोकून दिलं की आजची सगळी पॉप संस्कृती इंग्रजी क्लासिक कादंबऱ्यांनी घडवली, आणि उदाहरण काय तर ड्रॅक्युला. मला अजिबात पटलं नाही. ब्रॅम स्टोकरची कादंबरी १८९७ची, त्यातला काउंट (सरदार) ड्रॅक्युला हा रक्त पिणारा व्हॅम्पायर म्हणजे लांब पांढऱ्या मिशा, तळहातावर केस आणि तोंडाला घाण वास असलेला म्हातारा. आता डोळे मिटून ड्रॅक्युला आठवा बघू. काळा झगा, उंच कॉलर, चप्प बसवलेले केस, बरोबर ना? ते आलं १९२०च्या दशकातल्या नाटकातून आणि मग १९३१च्या, बेला लुगोसी या नटाच्या पिक्चरमधून. ती कॉलर तर निव्वळ रंगमंचाची सोय होती, प्रेक्षकांकडे पाठ केली की डोकं झाकलं जायचं आणि नट खालच्या झडपेतून गुपचूप सटकायचा! उन्हाने मरणं पण पुस्तकात नाही, तिथे हा बाबा दिवसाढवळ्या लंडनच्या पिकॅडिलीत फिरतो, फक्त ताकद कमी असते. ऊन लागून खेळ खलास होतो तो १९२२च्या नोस्फेराटू या जर्मन मूकपटात. पुस्तक वाचलंय किती जणांनी? न वाचलेल्या पुस्तकाचा कसला डोंबलाचा प्रभाव?

चष्मिष्ट:
कपडे बदलले म्हणून माणूस बदलतो का राव? आरशात न दिसणं पुस्तकातलंच आहे. काउंटच्या किल्ल्यात आलेला तरुण वकील जोनाथन दाढी करत असतो, काउंट मागे येऊन उभा राहतो, आरशात कोणीच नाही, दचकून याला वस्तरा लागतो, रक्त बघून काउंट गळ्यावर झडप घालतो, हात क्रूसाच्या माळेला लागतो तसा भानावर येतो, आणि मग काय करतो तर आरसाच खिडकीबाहेर फेकून देतो. कुठल्या पिक्चरने याच्या पुढे मजल मारली सांगा. शिवाय अख्खं पुस्तक डायऱ्या, पत्रं, तारा, पेपरातली कात्रणं आणि फोनोग्राफच्या रेकॉर्डिंगचं आहे. जोनाथनची बायको मिना ते सगळं टाइप करून काढते, काउंट येऊन कागद आणि रेकॉर्डिंगचे मेणाचे सिलिंडर जाळतो, पण दुसरी कॉपी तिजोरीत असते (१८९७ मधे बॅकअप!). आजचे सापडलेल्या फुटेजवाले (कोणाच्यातरी कॅमेऱ्यात सापडलेलं खरं शूटिंग असल्याचं भासवणारे) हॉरर पिक्चर याच घराण्यातले.

सरळसोट:
दोघंही अर्धवट बोलताय. स्टोकरच्या आधी पॉलिडोरीची व्हॅम्पायरची गोष्ट १८१९ची आणि ले फानूची तसलीच कार्मिला १८७२ची, म्हणजे यानेही आयत्या पिठावर रेघोट्याच मारल्या. आणि नोस्फेराटू परवानगी न घेता काढलेला. नावं बदलली, काउंटचा ऑर्लोक केला, तरी स्टोकरच्या बायकोने, फ्लोरेन्सने, जर्मनीत केस लढवली आणि १९२५ मधे कोर्टाने सगळ्या प्रिंट नष्ट करा म्हणून सांगितलं. काही वाचल्या म्हणून आज आपण बघतोय. बाईंनी नाटकाला परवानगी दिली नसती तर लुगोसीही नसता. क्रेडिट त्यांना द्या.

रातकिडा:
म्हणजे माझंच म्हणणं झालं ना, नाटक-सिनेमा नसता तर पुस्तक रद्दीत.

चष्मिष्ट:
मग सगळ्यांना हक्क स्टोकरचेच का हवे होते, पॉलिडोरी तर फुकट पडला होता. कारण स्टोकरने भूत वाचकाच्या गल्लीत आणून सोडलं. हा काउंट इंग्लंडमधलं रेल्वेचं टाइमटेबल वाचत बसतो, वकिलामार्फत लंडनजवळ प्रॉपर्टी घेतो, मातीची पन्नास खोकी जहाजाने मागवतो, आणि हीरो लोक हमालांकडे चौकश्या करत त्या खोक्यांचा माग काढतात. भीती तिथे आहे. कॉलर काय, येते नि जाते.

तळकोकणी:
मध्येच तोंड घालतोय. वेताळपंचविशीच्या गोष्टी रिचर्ड बर्टनने १८७० मधे इंग्रजीत काढल्या, आणि स्टोकर बर्टनला प्रत्यक्ष भेटला होता, बर्टनच्या सुळ्यांबद्दल स्टोकरने आठवणीत लिहूनपण ठेवलंय. म्हणजे मूळ माल आपलाच 😀

सरळसोट:
भेटला म्हणजे ढापलं असं होत नाही. वेताळ रक्त कुठे पितो? तो झाडाला उलटा लटकतो आणि विक्रमाच्या खांद्यावर बसून त्याला कोडी घालतो.

तळकोकणी:
ते खरं म्हणा. आमचा आरवलीचा वेतोबा, तो पण वेताळच, तर राखणदार आहे, त्याला लोक केळी आणि भल्यामोठ्या चपला वाहतात, त्याच्यासमोर हा काउंट म्हणजे अगदीच कळकट.

थंडीतला पुणेकर:
मी इंग्लंडमधल्या यॉर्कशरमधे राहतो, कादंबरीतलं व्हिटबी गाव जवळच आहे. १८९० मधे स्टोकर तिथे सुट्टीला आला होता आणि ड्रॅक्युला हे नाव त्याला तिथल्याच लायब्ररीतल्या एका पुस्तकात मिळालं. बंदराकडून १९९ पायऱ्या चढून चर्च आणि पडक्या ॲबीपाशी (जुना मठ) जाता येतं, कादंबरीत काउंटचं जहाज किनाऱ्यावर आदळल्यावर तो कुत्र्याच्या रूपात उडी मारून त्याच बाजूला पळतो. गॉथ वीकेंडला (काळ्या कपड्यातल्या हौशी लोकांची जत्रा) गर्दी विचारू नका. झगे सगळे लुगोसी छाप (इथे रातकिड्याला एक मार्क), पण लोक येतात ते याच गावात, कारण पुस्तकात गाव हेच आहे. उलट रोमानियात ब्रान किल्ला ड्रॅक्युलाचा म्हणून दाखवतात, त्याचं नाव कादंबरीत नाही आणि स्टोकर त्या देशात कधी गेलाच नव्हता.

रातकिडा:
एक मार्क का, दोन द्या, गॉथ लोकांनी पुस्तक वाचलंय कुठे. आणि शेवटपण बघा, पुस्तकात काउंटला खुंटी ठोकून मारतच नाहीत. एकाच्या हातात गुरख्यांची कुकरी, दुसऱ्याचा अमेरिकन सुरा. खुंटी काउंटने व्हॅम्पायर केलेल्या बिचाऱ्या ल्यूसीच्या नशिबी.

थंडीतला पुणेकर:
कुकरी?? हे नव्हतं माहीत. वाचायला घ्यावं का मग?

चष्मिष्ट:
किल्ल्यातली पहिली चार प्रकरणं रात्री एकट्याने वाच. पुढे काउंटच्या मागे लागलेला प्रोफेसर व्हॅन हेलसिंग पानंच्या पानं भाषण झोडतो, ती खुशाल गाळ.