निवडणूक बोलावणार राज्य, मग बिल काउंटीच्या माथी का?

पारिजातक (सनीवेल, कॅलिफोर्निया)

३० डिसेंबर २०२५, मंगळवार. नाताळ सरलेला, नवं वर्ष दारात, अर्धं गाव सुट्टीवर. मी मतदान केंद्रावर कामाला होते. मतपत्रिकेवर प्रश्न एकच: सांता क्लारा काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) असेसर, म्हणजे घरादारांच्या किमती ठरवून मालमत्ता कराचा पाया घालणारा अधिकारी, कोण व्हावा? नोव्हेंबरात कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत म्हणून ही दुसरी फेरी. प्रश्न एक असला तरी मांडामांड तीच. जागेवर मतपत्रिका छापणारं यंत्र, अपंगांसाठीचं वेगळं यंत्र, निरनिराळ्या भाषांतली पत्रकं, रस्त्यावर बाण. सकाळी सातला दार उघडायचं आणि रात्री आठपर्यंत हलायचं नाही. वॉकर घेऊन एक आजोबा आले, एक खूण केली आणि जाताना म्हणाले, "एवढ्यासाठी एवढं?"

त्या दिवसाचा खर्च काउंटीने केला आणि तो तिनेच करायला हवा होता. पद काउंटीचं, गरज काउंटीची. माझं म्हणणं दुसऱ्या निवडणुकांबद्दल आहे.

कॅलिफोर्नियाचा निवडणूक कायदा सांगतो की निवडणुकीचा खर्च काउंटीच्या तिजोरीतून व्हावा. शहराने बोलावली असेल तर शहराच्या. राज्याने बोलावली तर? विधिमंडळाने त्या वेळेपुरती वेगळी तरतूद केली नाही, तर तोही बोजा काउंटीवरच. १४ सप्टेंबर २०२१ ला गव्हर्नर न्यूसम यांना पदावरून परत बोलवायचं का यावर मतदान झालं, तेव्हा राज्याने काउंट्यांना सुमारे २४ कोटी डॉलर आगाऊ दिले. ४ नोव्हेंबर २०२५ ला अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, मतदारसंघांच्या नव्या सीमांसाठी प्रपोझिशन ५० (प्रपोझिशन म्हणजे राज्यभरच्या मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) आलं, तेव्हा सुमारे २५ कोटी. हे चांगलंच झालं. पण ते का झालं? सगळ्या राज्याचं लक्ष होतं म्हणून, आणि त्या मतदानात सत्तेतल्यांचंच बरंच काही पणाला लागलेलं होतं म्हणून.

एखादा आमदार किंवा काँग्रेसमधला प्रतिनिधी मधेच जागा सोडतो, तेव्हा असं लक्ष कुणाचं नसतं. पोटनिवडणूक गव्हर्नर जाहीर करतात, तारीख तेच ठरवतात, आणि रजिस्ट्रारने, म्हणजे काउंटीच्या निवडणुकांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याने, पैसे शोधायचे. एके काळी अशा पोटनिवडणुकांचा खर्च राज्य देत असे, पण ती कलमं मुदतीची होती. मुदत संपली, की काउंट्या पुन्हा सॅक्रामेंटोच्या, म्हणजे राज्याच्या राजधानीच्या, दारात.

आणि एक गोष्ट मला फार लागते. राज्याच्या घटनेत, दुसऱ्या प्रकरणाच्या १८ व्या कलमात, लिहिलेलं आहे की परत बोलावण्याच्या निवडणुकीत जो राज्य अधिकारी टिकतो, त्याने स्वतः केलेला कायदेशीर खर्च राज्याने भरून द्यावा. पुढाऱ्याचा खर्च घटनेने सुरक्षित, आणि ज्या काउंटीने टपाली मतपत्रिकांचे लाखो लिफाफे पाठवले, उघडले, मोजले, तिने दर वेळी पदर पसरायचा.

ज्याने निवडणूक बोलावली त्याने पैसे द्यावेत, आधी द्यावेत, आणि हे कायद्यात कायमचं लिहावं.

हिशोबनीस (फ्रीमाँट)

ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण मला हे पटत नाही. राज्याच्या तिजोरीत माझा प्राप्तिकर, काउंटीच्या तिजोरीत माझा मालमत्ता कर. या खिशातून काढून त्या खिशात घातला तर माझं काय वाचलं?

उलट देणारा एक आणि खर्च करणारा दुसरा झाला, की हात सैल सुटतो. २०२१ चंच बघा. काउंट्यांच्या अंदाजावर २४ कोटी दिले, आणि निवडणुकीचा प्रत्यक्ष खर्च निघाला सुमारे २० कोटी. म्हणजे अंदाज चांगलेच फुगलेले होते. कायमची हमी दिलीत तर ५८ काउंट्या आयत्या पिठावर रेघोट्या ओढतील. स्वतःच्या पैशातून करायचं असतं तेव्हा रजिस्ट्रार विचारतो, हे केंद्र खरंच हवं का, ही छपाई एकत्र करता येईल का.

शिवाय निवडणुका घेणं हे काउंटीचं नेहमीचंच काम. गोदाम आहे, यंत्रं आहेत, कायमचे कर्मचारी आहेत. पाहुणा अचानक आला म्हणून घरमालक शेजाऱ्याकडे किराणा मागत नाही.

सॅन होजेकर

मी आपल्याच काउंटीतला. ४ नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर फक्त प्रपोझिशन ५० नव्हतं. असेसरची पहिली फेरी होती आणि मेझर ए पण, म्हणजे काउंटीचा पाच वर्षांचा पाच-अष्टमांश टक्का वाढीव विक्रीकर. तो मंजूरही झाला. लिफाफा एक, टपाल एक, केंद्र एक. मग राज्याच्या गाडीत काउंटी फुकट बसली असं कुणी म्हटलं तर काय उत्तर आहे?

पारिजातक

सॅन होजेकर, उत्तर सोपं आहे: ज्याचा जेवढा वाटा, तेवढं त्याने द्यावं. एका मतपत्रिकेवर राज्याचा, काउंटीचा आणि शहराचा प्रश्न असेल तर खर्च वाटून घ्यायचा. शहरं आणि शाळा मंडळं आजही काउंटीला आपापला वाटा देतात, त्यांना काउंटी बिल पाठवते. बिल जात नाही ते फक्त राज्याला.

हिशोबनीस, दोन खिसे सारखे नाहीत. १९७८ च्या प्रपोझिशन १३ पासून मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यावर बांधलेला आहे आणि ते मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. काउंटीला अचानक खर्च आला तर ती मतदारांना विचारल्याशिवाय कर वाढवू शकत नाही, दुसरीकडचं कापते. ते दुसरीकडचं म्हणजे रुग्णालय, तुरुंग, अनाथ मुलांची देखभाल. पाहुण्याचा दाखला दिलात, पण हा पाहुणा स्वतःहून येत नाही, घरमालकाला न विचारता तिसराच त्याला आमच्याकडे पाठवतो. आणि अंदाज जास्त निघाला तर उरलेलं परत घ्या ना! त्यासाठी हिशोब तपासा, कडक नियम करा. अंदाज चुकतो म्हणून आगाऊ पैसेच द्यायचे नाहीत, हे मला मान्य नाही. २०२५ ला प्रपोझिशन ५० ची निवडणूक बोलावणाऱ्या कायद्यावर न्यूसम यांची सही २१ ऑगस्टची आणि मतपत्रिका टपालात पडायची शेवटची तारीख ६ ऑक्टोबर. मधे ४६ दिवस. कागदवाला आणि छापखाना उधारीवर थांबत नाहीत.

रानवारा (बेकर्सफील्ड)

आमच्याकडे काय झालं ते सांगते. आमचे प्रतिनिधी केव्हिन मॅकार्थी यांनी २०२३ च्या शेवटी काँग्रेसची जागा सोडली. ५ मार्च २०२४ ला राज्याची नेहमीची प्राथमिक निवडणूक, म्हणजे पहिली फेरी, त्यात हीच जागा पुढच्या पूर्ण मुदतीसाठी. आणि १९ मार्चला, बरोबर दोन आठवड्यांनी, याच जागेच्या उरलेल्या मुदतीसाठी वेगळी प्राथमिक फेरी. मग २१ मे ला अंतिम फेरी. नोव्हेंबरची धरली तर एकाच खुर्चीसाठी एका वर्षात चार वेळा मतदान.

आमच्या फ्रिजवर दोन लिफाफे शेजारी शेजारी चिकटवलेले होते. नावं बरीचशी तीच. सासूबाईंना वाटलं एक जास्तीचा आला आहे, त्यांनी एक कागदांच्या रद्दीत टाकला. मी शोधून काढला म्हणून, नाहीतर गेलंच होतं मत.

हे दोनदा छापणं, दोनदा टपाल, दोनदा मोजणी कर्न, टुलेरी, किंग्ज आणि फ्रेस्नो या काउंट्यांनी केलं. राजीनामा द्या असं यांतल्या एकाही काउंटीने सांगितलं नव्हतं.

मुळाक्षर (नाशिक)

मग राजीनामा देणाऱ्याकडूनच वसूल करा की! लोकांनी पूर्ण मुदतीसाठी निवडून दिलं, हा मधेच दुसरीकडे चालला, भुर्दंड मात्र करदात्याला. आपल्याकडे भारतात एक माणूस दोन मतदारसंघांतून उभा राहतो, दोन्हीकडे जिंकतो आणि एक जागा सोडतो. २००४ मध्ये निवडणूक आयोगानेच सुचवलं होतं की ही सवलत ठेवायचीच असेल तर जागा सोडणाऱ्याने पोटनिवडणुकीपोटी पैसे भरावेत, विधानसभेला ५ लाख, लोकसभेला १० लाख. कुणी मनावर घेतलं नाही.

हिशोबनीस

मुळाक्षर, दोन जागांपुरतं ठीक आहे, मलाही ते योग्य वाटतं. पण सरसकट केलंत तर आजारी माणूस राजीनामा देणार नाही, खुर्चीवर तसाच पडून राहील. आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याला काहीच फरक पडणार नाही.

कसबेकर (पुणे)

भारतातली पद्धत सांगतो. नुसती लोकसभेची निवडणूक असेल तर खर्च केंद्र सरकारचा. नुसती विधानसभेची असेल तर राज्याचा. दोन्ही एकत्र आल्या तर निम्मा निम्मा. फेब्रुवारी २०२३ मध्ये आमची कसबा पेठेची आणि चिंचवडची पोटनिवडणूक झाली, तो खर्च राज्याचा. महापालिकेला कुणी त्याचं बिल दिलं नाही. महापालिकेची स्वतःची निवडणूक असते तेव्हा महापालिका आपल्या अंदाजपत्रकात तरतूद करते. म्हणजे पारिजातक म्हणतात तेच तत्त्व इथे चालू आहे आणि त्याने काही आभाळ कोसळलेलं नाही.

पण मला वेगळी काळजी आहे. २९ मार्च २०२३ ला आमचे खासदार गिरीश बापट वारले आणि पुण्याची लोकसभेची जागा रिकामी झाली. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १५१ अ कलमाप्रमाणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायला हवी, मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर गोष्ट वेगळी. इथे वर्षाहून जास्त उरली होती. आयोगाने सांगितलं, इतर निवडणुकांत यंत्रणा गुंतली आहे आणि निवडून येणाऱ्याला फार थोडे दिवस मिळतील. डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने हे फेटाळून तातडीने निवडणूक घ्यायला सांगितलं. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. जून २०२४ पर्यंत पुण्याला खासदार नव्हता. चौदा महिन्यांहून जास्त. रस्त्याचं, रेल्वेचं, विमानतळाचं काम घेऊन दिल्लीत कुणाकडे जायचं होतं आम्ही?

हिशोबनीससाहेब, "हे खरंच हवं का" असा प्रश्न खर्चाच्या नावाने एकदा सुरू झाला की तो मतदान केंद्रापाशी थांबत नाही, निवडणुकीपाशीच येऊन पोहोचतो.

हिशोबनीस

कसबेकर, पुण्याचं झालं ते चूकच. पण तिथे अडचण पैशांची नव्हती, तुम्हीच म्हणता की खर्च कुणाचा हे ठरलेलं होतं. म्हणजे पैशांची सोय करून प्रश्न सुटतो असंही नाही.

आणि पारिजातकताई, कॅलिफोर्नियात कायदा नाही असं नाही. १९७९ च्या प्रपोझिशन ४ ने घटनेत लिहिलं आहे की राज्याने स्थानिक संस्थांवर नवं काम लादलं तर खर्च राज्याने द्यावा. त्यासाठी वेगळा आयोग आहे. काउंट्यांनी तिथे जावं. आणखी एका कलमाची भर कशाला?

पारिजातक

जातात हो, गेल्याच होत्या. कुठल्याही मतदाराला मागेल तेव्हा टपाली मतपत्रिका द्यायची, हे काम असंच लादलेलं होतं आणि त्याचे पैसे राज्य देत असे. २०११ च्या अंदाजपत्रकात राज्याने निवडणुकीची ही कामं "स्थगित" केली. कागदावर अर्थ असा की काउंटीवर आता सक्ती नाही, म्हणून पैसेही नाहीत. प्रत्यक्षात कुठली काउंटी टपाली मतदान बंद करणार होती? करत राहिल्या, स्वतःच्या खर्चाने. प्रपोझिशन ४ असून हे झालं, म्हणून मला निवडणुकीपुरतं वेगळं, पळवाट नसलेलं कलम हवं आहे.

तुम्ही काटकसरीचं म्हणता ना, ती आधीच झालेली आहे. आमच्यासारख्या काउंटीत नेहमीच्या निवडणुकीला मतदानाच्या दिवशी दर १०,००० मतदारांमागे एक केंद्र लागतं. विशेष निवडणुकीला ३०,००० मागे एक चालतं. म्हणजे ते वॉकरवाले आजोबा आणखी लांबून आले असणार.

सॅन होजेकर

वाट्याचं मला पटलं. आगाऊ देण्याबद्दल मी अजून हिशोबनीसांच्या बाजूने आहे. निम्मे आधी, निम्मे हिशोब दाखवल्यावर, असं का नको?

पारिजातक

मोठ्या काउंटीला जमेल. लॉस एंजेलिसची वस्ती जवळजवळ एक कोटी, ती चार महिने थांबू शकते. आल्पाइन काउंटीत सगळे मिळून बाराशे लोक राहतात. तिथे निम्मे नंतर म्हणजे तोवर कुणाचा तरी पगार अडणं.

आमच्या गल्लीत एक आजी आहेत, मूळच्या साताऱ्याच्या. नोंदणीच्या कागदावर त्यांची सही देवनागरीत आहे. नोव्हेंबरात लिफाफ्यावर त्यांनी इंग्रजीत केली, कारण नातवाने पेन हातात देऊन "इथे कर" म्हणून सांगितलं. पडद्यावर दोन सह्या शेजारी ठेवून बघणाऱ्या माणसाला त्या अर्थातच जुळल्या नाहीत. काउंटीने त्यांना पत्र पाठवलं: ही सही तुमचीच का, कळवा. आजी पत्र घेऊन माझ्याकडे आल्या, घाबरल्या होत्या, काही गुन्हा झाला असं वाटून. फॉर्म भरला, या वेळी देवनागरीत सही केली, पाठवला, मत धरलं गेलं. ते पत्र लिहायला, पाठवायला आणि परत आल्यावर उघडून बघायला एक माणूस लागतो. निवडणूक नेहमीची असो की अचानक लादलेली, तो लागतोच, आणि त्याला पगार त्याच महिन्यात द्यावा लागतो.