मृणालताई गोरे आरक्षणाशिवाय निवडून आल्या, मग आज आरक्षण कशाला?

पेठकर: प्रभागात महिला आरक्षण पडलं की पोस्टरवर बाईंचा फोटो आणि शेजारी मिस्टरांचा त्याहून मोठा. मागं चार दिवस नळाला पाणी नव्हतं म्हणून नगरसेविकेला फोन लावला तर मिस्टरांनी उचलला, मॅडम कामात आहेत, काय ते मला सांगा. लय राग आला. मृणालताई 1961 ला मुंबई महापालिकेत निवडून आल्या तेव्हा कुठलं आरक्षण होतं? गोरेगावच्या बायकांना घेऊन हंडे मोर्चे काढले म्हणून लोकांनीच पाणीवाली बाई नाव दिलं. 1977 ला खासदार झाल्या तेव्हाची घोषणा आठवा, पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई (म्हणजे इंदिरा गांधी) पाण्यात. अशी बाई कोट्यातून येते काय?

करवीरची लेक: दादा, तुम्हाला एक मृणालताई आठवल्या, पण त्यांच्यासारख्या किती जणी दारातच अडल्या त्याचा हिशोब कोण देणार? त्या मेडिकलचं शिक्षण सोडून चळवळीत आल्या, नवरा केशव गोरे स्वतः समाजवादी कार्यकर्ता, म्हणजे घरातनं अडवणारं कुणी नव्हतं. 1958 ला ते गेले, पदरात लहान लेक, तरी बाई थांबली नाही, हे मोठंच आहे. पण ते बळ प्रत्येकीला घरातनं मिळत नाही. माझी मावशी आरक्षणातून सरपंच झाली. पहिलं वर्षभर काका सभेत शेजारी खुर्ची टाकून बसायचे. दुसऱ्या वर्षी तिनंच सगळ्यांसमोर सांगितलं, तुम्ही बाहेर थांबा. आता ग्रामसेवकाकडनं कॅशबुक मागून स्वतः वाचते. आरक्षण नसतं तर ती पंचायतीची पायरी चढली नसती.

पेठकर: मावशींना मानलं. पण अशा किती? आमच्याकडं कारभारीच सगळं चालवतात.

गडहिंग्लजचा मास्तर: दोघंबी पाण्यापाशीच थांबलाय. 1972 च्या महागाईत रॉकेल, तेल, साखरेसाठी लाटणं मोर्चा निघाला, त्यात मृणालताई समाजवादी आणि अहिल्याताई रांगणेकर कम्युनिस्ट, पक्ष वेगळे तरी खांद्याला खांदा. आणीबाणीत दोघीही तुरुंगात गेल्या. पुढं गर्भलिंग चाचणीवर बंदी यावी म्हणून मृणालताईंनी विधानसभेत आवाज उठवला, 1988 ला महाराष्ट्रानं देशातला पहिला कायदा केला. आणि तरी 2001 च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात 0 ते 6 वयाच्या हजार मुलांमागं मुली फक्त 839! ताराराणीचा घोड्यावरचा पुतळा कावळा नाक्यावर उभा करणाऱ्या शहराला हे शोभतं काय? त्या वेळी ग्रामपंचायतीत बसलेल्या बायकांना सोनोग्राफी सेंटरवर बोलायला कुणी शिकवलं होतं?

करवीरची लेक: सर, हेच म्हणायचंय मला. मृणालताई महापालिकेच्या आधी गोरेगावच्या ग्रामपंचायतीत होत्या. तिथं त्या शिकल्या. आमच्या बायकांना खुर्ची दिली, शिकायला वेळ कोण देतंय? पाच वर्षांनी आरक्षण फिरलं की घरी.

पेठकर: हे फिरतं आरक्षण माझ्या डोक्यात आलं नव्हतं. एका वॉर्डात सलग दोन टर्म महिला ठेवली तर दुसऱ्या वेळी बाई स्वतःच्या कामावर मतं मागेल, यावर मी तुमच्या बाजूनं आहे. पण पोस्टरवरचा मिस्टरांचा फोटो आधी काढा, तिथं मी मागं हटणार नाही.

करवीरची लेक: तो काढायला मी ब्रश घेऊन येते.