तेरा वर्षांनी आलेल्या ‘अवतार’च्या दुसऱ्या भागावर आपण नेमके कशासाठी रुसलो?

कृष्णाकाठ, सांगली

डिसेंबर २००९ मध्ये जेम्स कॅमेरॉन यांचा ‘अवतार’ लागला तेव्हा मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. थ्रीडीतच पाहायचा असा हट्ट धरून आम्ही पाच मित्र पहाटेच्या एसटीने पुण्याला गेलो, दुपारचा खेळ पाहिला आणि स्वारगेटवरून रात्रीची गाडी धरून परतलो. वर्षभरात बातमी आली की आणखी दोन भाग निघणार असून त्यातला पहिला २०१४ च्या डिसेंबरात लागेल. मग ती तारीख २०१७ झाली, २०२० झाली, २०२१ झाली आणि अखेर १६ डिसेंबर २०२२ रोजी ‘द वे ऑफ वॉटर’ पडद्यावर आला. तोवर पाचांतले दोघे परदेशी गेले होते आणि एकाची मुलगी शाळेत जाऊ लागली होती.

उरलेल्या तिघांनी तो एकत्र पाहिला. १९२ मिनिटांनी बाहेर आल्यावर गाडीला किल्ली लावेपर्यंत कोणी बोलले नाही, आणि मग एक जण म्हणाला, “यासाठी तेरा वर्षे?” तिसरा भाग त्यानंतर तीनच वर्षांत, १९ डिसेंबर २०२५ ला आला, तरी आमचा वाद अजून दुसऱ्या भागावरच अडला आहे. ही नाराजी चित्रपटाबद्दल आहे की वाट पाहण्याबद्दल, हे मला सुटत नाही. नुसते आवडला किंवा नाही आवडला असे न लिहिता, काय खटकले ते सविस्तर लिहावे ही विनंती.

अजिंक्यतारा, सातारा

मला कथा खटकली. पहिल्या भागात खलनायक कर्नल क्वारिच बाण लागून मरतो. दुसऱ्या भागात, त्याच्या आठवणी आधीच साठवून ठेवल्या होत्या असे सांगून त्याला नावींच्या, म्हणजे तिथल्या निळ्या परग्रहवासींच्या, देहात पुन्हा उभे केले आहे. पहिल्या भागातली शास्त्रज्ञ ग्रेस मरण पावली होती, तर तीच अभिनेत्री आता ग्रेसच्या मुलीच्या भूमिकेत आहे. (सत्तरीला टेकलेल्या सिगर्नी वीव्हर यांनी चौदा वर्षांच्या किरीचे अवघडलेपण ज्या सहजतेने दाखवले आहे, त्याला मात्र तोड नाही.) गेलेल्यांना परत आणायचे, जंगलाच्या जागी समुद्र ठेवायचा आणि शेवटी पुन्हा तीच लढाई लावायची, एवढ्यासाठी कथेला तेरा वर्षे लागत नाहीत.

‘ब्लेड रनर’चा पुढचा भाग १९८२ नंतर थेट २०१७ मध्ये, म्हणजे पस्तीस वर्षांनी आला. पण तिथे कथाही २०१९ वरून २०४९ वर गेलेली होती, आणि हॅरिसन फोर्ड यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कथेच्या कामी आल्या. इथे मधली सगळी वर्षे सुरुवातीच्या निवेदनातच उरकली आहेत.

मिरजेचा तंबोरा, मिरज

कथेबद्दलचे म्हणणे मान्य करूनही ही वर्षे कुठे गेली ते पाहायला हवे, असे वाटते. अभिनेत्यांच्या हालचाली कॅमेऱ्याने टिपून त्यावर नावींचे देह चढवायचे हे तंत्र कोरड्या मंचावर बसले होते. पाण्यात ते कोलमडते. वरून येणारा प्रकाश लाटांवर मोडतो आणि खुणा टिपणारे कॅमेरे फसतात, म्हणून चित्रीकरणाच्या हौदाच्या पृष्ठभागावर लहान पांढरे चेंडू पसरून तो प्रकाश मऊ केला गेला. श्वासाचे बुडबुडेही कॅमेऱ्यांना चकवतात, म्हणून पाण्याखालच्या प्रसंगांत हवेची नळकांडी न लावता श्वास रोखून अभिनय करायचा होता. केट विन्स्लेट यांनी त्या तयारीत सात मिनिटांहून अधिक काळ श्वास रोखला होता. शिवाय बालकलाकार वाढून जातील म्हणून तिसऱ्या भागाचे चित्रीकरणही दुसऱ्यासोबतच करून घेतले. तो तीन वर्षांत आला यात म्हणूनच नवल नाही.

पण या सगळ्यातले आपल्यापर्यंत किती पोहोचले? थ्रीडीच्या चष्म्यातून निम्म्याहून अधिक प्रकाश गळतो, आणि त्यात प्रोजेक्टरचा दिवा जुना झालेला असेल तर रात्रीचा समुद्र नुसता काळा दिसतो. मी पहिल्यांदा जिथे पाहिला (नाव लिहीत नाही) तिथे माझ्या नेहमीच्या चष्म्यावर बोटांचे ठसे उमटलेला दुसरा चष्मा चढवून, सदऱ्याच्या टोकाने तो तीनदा पुसून, शेवटी मी अंधारच पाहत बसलो होतो. आठवड्याने तोच चित्रपट दुसरीकडे पाहिला तेव्हा कळले की त्या अंधारात मासे होते.

सेकंदाला ४८ चौकटींचा प्रयोग मात्र मलाही पचला नाही. काही प्रसंग ४८ चे आणि काही २४ चे असल्याने, मध्येच कोणी तरी दूरचित्रवाणीवरचा सामना लावला असे वाटते. पहिल्या भागाचे संगीतकार जेम्स हॉर्नर २०१५ मध्ये विमान अपघातात गेले, त्यांचे सहकारी सायमन फ्रँगलन यांनी पुढचे संगीत दिले. जुन्या सुरावटी मधूनच कानी पडल्या तेव्हा गलबलून आले.

शिवसागर, पाटण

माझ्या वडिलांचे गाव कोयना धरणाच्या पाण्याखाली गेले तेव्हा ते लहान होते. त्यांनी पहिला भाग पाहिलेला नव्हता आणि मराठीत चित्रपट उपलब्ध नव्हता, म्हणून त्यांना हिंदी खेळाला नेले. अर्धा तास ते “हे निळे कोण?” असे विचारत होते. पुढे नायकाचे सली कुटुंब जंगल सोडून समुद्रकाठच्या लोकांकडे आश्रय मागते आणि तिथली मुले त्यांच्या बारीक शेपट्यांना हसतात, त्या प्रसंगी अंधारात त्यांनी माझे मनगट धरले आणि म्हणाले, “आम्हालाही असंच हसायचे. आमच्या बोलण्याची नक्कल करायची पोरं.” मध्यंतरात घेतलेला वडा त्यांच्या हातात तसाच राहिला होता.

तेव्हा अजिंक्यतारा यांना एवढेच सांगेन, की जंगलाच्या जागी समुद्र ठेवला असे एका ओळीत म्हणता येण्यासारखे ते नाही. उठवलेल्या माणसाने परक्या पाण्यात श्वास घ्यायला शिकणे हा त्या चित्रपटाचा गाभा आहे. माझी तक्रार अशी की शेवटच्या तासाभरात कॅमेरॉन यांनी तो गाभा सोडून बुडत्या जहाजावर सगळा वेळ घालवला. वडिलांना तिथे डुलकी लागली.

अकरावी ब, सातारा

पहिला भाग सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा लागला तेव्हा मी तो प्रथमच पाहिला, आणि दुसरा त्यानंतर तीन महिन्यांनी. मला दुसराच अधिक आवडला. कृष्णाकाठदादा, तुम्ही पहिला भाग अलीकडे परत पाहिला आहे का?

कृष्णाकाठ, सांगली

पाहिला नव्हता. तुमचा प्रश्न वाचून काल रात्री आम्ही तिघांनी तो पाहिला. लावण्याआधी सहज विचारले तर तरंगते डोंगर तिघांनाही आठवत होते. नायकाचे नाव एकालाही आले नाही. “यासाठी तेरा वर्षे?” म्हणणाऱ्या मित्राला तर क्वारिच मेल्याचेही स्मरण नव्हते, तो म्हणे पृथ्वीवर परत गेला होता. अजिंक्यतारा यांचा आक्षेप मला पटतो, पण आमच्या त्या मित्राला तो घेण्याचा अधिकार उरला नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

रविवारी त्याच्या मुलीला घेऊन तिसऱ्या भागाला जात आहोत. मिरजेचा तंबोरा यांनी, मासे जिथे दिसले त्या चित्रपटगृहाचे नाव कृपया व्यक्तिगत संदेशात कळवावे.