‘प्रायश्चित्त’ दुसऱ्याने केले तर चालते का?

कोरीपाटी
प्रभुभोजनाच्या (ख्रिस्ताच्या बलिदानाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या) उपासनेसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत करते आहे. एका वाक्यावर गाडी अडली आहे. आशय असा की ख्रिस्ताच्या बलिदानामुळे आमच्या पापांची पूर्ण क्षमा झाली, आता फेडायचे काही उरले नाही. मी लिहिले, ‘ख्रिस्ताने आमच्या पापांचे प्रायश्चित्त केले.’ मजकूर तपासणाऱ्या बाई ख्रिस्ती नाहीत, पण मराठी उत्तम जाणतात. त्यांनी शब्दाखाली रेघ मारली आणि बाजूला लिहिले, ‘प्रायश्चित्त ज्याचे त्याने घ्यायचे असते.’ लहानपणापासून उपासनेत हाच शब्द ऐकला आहे, तरी त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही. पर्याय काय? पापक्षालन? भरपाई? की आहे तेच ठेवू?

मात्रावृत्त
बाईंचे बरोबर आहे. ‘प्रायो नाम तपः प्रोक्तं चित्तं निश्चय उच्यते’ अशी या शब्दाची जुनी फोड आहे. तप आणि निश्चय या दोन्ही गोष्टी कर्त्याच्या स्वतःच्या असतात. मराठीतही आपण प्रायश्चित्त घेतो, भोगतो, फार तर धर्मसभा ते देते. दुसऱ्याचे ‘करून टाकणे’ या शब्दात बसत नाही. शब्द परंपरेतून उचलायचा आणि त्याचा कणा काढून घ्यायचा, हे मला पटत नाही.

जुनीपोथी
मात्रावृत्त, परंपरा म्हणता तर ती पूर्ण पाहू. पाच वर्षांवरच्या आणि अकरा वर्षांखालच्या मुलाच्या हातून पाप घडले तर ‘चरेद्गुरुः सुहृच्चापि प्रायश्चित्तं विशुद्धये’ असे स्मृतिवचन आहे. म्हणजे ज्याला स्वतःला ते पेलत नाही, त्याच्यासाठी वडीलधाऱ्याने किंवा सुहृदाने प्रायश्चित्त करायचे. दुसऱ्याने करण्याची कल्पना शब्दाला परकी नाही.

आणि कोरीपाटी, बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रातले 2:2 पुन्हा वाचा. तिथे ख्रिस्ताने प्रायश्चित्त ‘केले’ असे नाही, तो स्वतः आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त ‘आहे’ असे आहे. मूळ ग्रीक शब्द हिलास्मोस, म्हणजे पापनिवारणाचे साधन. क्रियापद बदलले की अर्धी अडचण सुटते.

मात्रावृत्त
ते वचन अजाण मुलांपुरते आहे. त्यावरून सगळ्या जगासाठी नियम काढता येणार नाही.

जुनीपोथी
ख्रिस्ती माणूस देवापुढे स्वतःला नेमके तसेच समजतो, ज्याला स्वतःचे ओझे पेलत नाही असा. म्हणून तर ते वचन मला महत्त्वाचे वाटते.

रानवारा
आमच्या कॅथलिक घरात ‘प्रायश्चित्त’ म्हटले की पापनिवेदनानंतर धर्मगुरू जे करायला सांगतात ते. इतक्या प्रार्थना म्हण, ज्याचे घेतले आहेस त्याला परत दे. कोकणीत पापनिवेदनाला कुमसार म्हणतात, तो पोर्तुगीजांकडून आला. तेव्हा आमच्यासाठी हा शब्द माणसानेच करायच्या गोष्टीचा आहे आणि ख्रिस्तासाठी आम्ही ‘बलिदान’ किंवा ‘यज्ञबली’ म्हणतो. त्याचे बलिदान अपुरे पडले म्हणून आम्ही प्रायश्चित्त करतो असे मात्र कोणी समजू नये. क्षमा त्याच्याचमुळे होते. पापाने माणसात जी मोडतोड केली, ती सावरण्यासाठी प्रायश्चित्त.

जुनीपोथी
इथेच तर 1517 चा वाद आहे, ज्यातून पुढे प्रोटेस्टंट पंथ वेगळा झाला. लॅटिन बायबलमधल्या ‘पेनितेन्सियाम आगिते’चा अर्थ लोक ‘प्रायश्चित्त करा’ असा घेत होते. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने मूळ ग्रीक शब्द मेतानोइया पुढे ठेवला, म्हणजे मनच पालटणे. आपल्याकडे त्याला पश्चात्ताप म्हणतात. अर्थात या चर्चेत आपण तो वाद सोडवणार नाही.

शब्दवेल्हाळ
मला प्रायश्चित्तापेक्षा ‘क्षमा’ या शब्दाबद्दल बोलायचे आहे. माझी आजी प्रार्थनेत नेहमी ‘प्रभू, माझ्या पापांची माफी कर’ म्हणायची. तिची प्रार्थना आम्ही कुटुंबाच्या स्मरणिकेत घेतली, तेव्हा कोणीतरी तिथे ‘क्षमा’ केले. कारण काय, तर माफी फारसी. मला ते अजून सलते. माफीच्या मागे अरबी ‘अफ्व’ आहे आणि त्या धातूत पुसून टाकण्याचा अर्थ आहे. यशया 43:25 मध्ये देव नेमके हेच म्हणतो, तुझे अपराध मी पुसून टाकतो. शिवाय मराठीत सारा माफ होतो, कर्ज माफ होते. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातली प्रभूची प्रार्थना आठवा : ‘तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ पापांची नव्हे, ऋणांची गोष्ट आहे! ग्रीकमध्ये पापांच्या क्षमेला आफेसिस म्हणतात आणि त्याचा साधा अर्थ सोडून देणे. लूक 4:18 मध्ये हाच शब्द बंदिवानांच्या सुटकेसाठी आला आहे. हे सगळे ‘माफी’त आहे. ‘क्षमा’त कुठे आहे? क्षम् म्हणजे सहन करणे. देवाने पाप नुसते सहन केले असा अर्थ होतो.

मात्रावृत्त
आजींच्या प्रार्थनेला हात लावायला नको होता, इथे मी तुमच्याबरोबर आहे. पण छापील उपासनेत ‘माफी’ला कचेरीचा वास येतो. माफीनामा, माफीचा साक्षीदार. गांभीर्य उतरते.

अनुस्वार
शब्दवेल्हाळ, ‘सहन करणे’ला तुम्ही ‘नुसते’ का म्हणता? हिब्रूत क्षमेसाठी जे शब्द आहेत त्यांत एक ‘नासा’ आहे. अर्थ उचलणे, वाहून नेणे. निर्गम 34:7 मध्ये देव अधर्माची क्षमा करणारा आहे, तिथे शब्दशः तो अधर्म उचलणारा आहे. आणि यशयाच्या 53 व्या अध्यायात दुःख सोसणारा सेवक पुष्कळांचे पाप वाहतो, तिथेही क्रियापद नासाच. म्हणजे क्षमा करणारा आणि ओझे वाहणारा यांच्यासाठी एकच शब्द! आता संस्कृतातली क्षमा पाहा. पृथ्वीलाही क्षमा म्हणतात, कारण ती सगळ्यांचा भार सोसते. अपराध झाला की त्याची झळ कोणाला तरी लागतेच. जो क्षमा करतो तो ती स्वतःवर घेतो आणि अपराध्याला मोकळे सोडतो. वधस्तंभावर हेच घडले अशी माझी श्रद्धा आहे, आणि त्यासाठी ‘क्षमा’हून जवळचा शब्द मला मराठीत दिसत नाही. माफी देताना राजाला काही सोसावे लागत नाही. सही केली, झाले.

शब्दवेल्हाळ
सारा माफ करणाऱ्या राजाच्या खजिन्यात तूट येतेच. तेही सोसणेच आहे. पण नासाचे ठाऊक नव्हते. त्यावर विचार करते.

रानवारा
हिब्रूतला सालाह हा दुसरा शब्द जुन्या करारात फक्त देवासाठी येतो. माणूस माणसाला सालाह करत नाही. मराठीने असा वेगळा शब्द राखला नाही, याची मला खंत वाटते.

शाईदौत
उशिरा आलो. पुस्तिकेत मार्क 10:45 येणार असेल तर ‘खंडणी’चे काय करणार? ‘पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव खंडणी म्हणून’ हे तरुणांपुढे वाचले की त्यांच्या डोळ्यांपुढे गुंड येतात. जुन्या मराठीत खंडणी म्हणजे ठरवून भरायची रक्कम. मांडलिक ती राजाला भरत. ग्रीक लुत्रोन ही गुलामाला किंवा कैद्याला सोडवण्याची किंमत. मी ‘मुक्तिमूल्य’ सुचवीन.

अनुस्वार
मुक्तिमूल्य कोणाच्याही तोंडी नाही. ‘खंडणी’ निदान बोचते तरी.

मात्रावृत्त
चुकीच्या जागी बोचते. ऐकणारा लगेच विचारणार, खंडणी घेतली कोणी?

जुनीपोथी
हा प्रश्न फार जुना आहे. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विचारवंताने तो जीव सैतानाला दिला गेल्याची मांडणी केली. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरी या बिशपने त्यावर संताप व्यक्त केला, लुटारूला देवच किंमत म्हणून द्यायचा का? पित्याला दिली म्हणावे, तर आपण काही पित्याच्या कैदेत नव्हतो, असेही तो म्हणतो. पुढे अकराव्या शतकाच्या शेवटी आन्सेल्म या धर्मपंडिताने सैतानाचा हिशेबच काढून टाकला : देणे आहे ते देवाचे, माणसाने दिलेच पाहिजे आणि देवावाचून कोणी देऊ शकत नाही, म्हणून देव माणूस झाला. मला व्यक्तिशः ग्रेगरीचा संताप योग्य वाटतो. रूपक ताणले की तुटते. किंमत मोठी होती आणि आपण सुटलो, एवढेच मार्क सांगतो.

शाईदौत
मग योहान 19:30 मधले ‘पूर्ण झाले आहे’ यात फेड येते का? तिथला मूळ ग्रीक तेतेलेस्ताई हा शब्द त्या काळी पावतीवर ‘रक्कम पूर्ण पोचली’ या अर्थी लिहीत, असे मी प्रवचनात अनेकदा ऐकले आहे.

जुनीपोथी
त्या पावत्यांवर शब्द तोडून लिहिलेला आहे आणि तो तेतेलेस्ताईच आहे का यावर अभ्यासकांनी शंका घेतली आहे. त्यावर भिस्त नको. फेडीचे चित्र हवे असेल तर कलस्सै 2:14 घ्या. तिथला खेइरोग्राफोन म्हणजे ऋणकोने स्वहस्ते लिहून दिलेला कर्जरोखा. तो खोडला आणि वधस्तंभाला खिळला. आणि ‘काही उरले नाही’ यासाठी इब्री 10:18 : जिथे क्षमा झाली, तिथे पापाबद्दल पुन्हा अर्पण नाही.

कोरीपाटी
सगळ्यांचे आभार. पुस्तिका छापायला जायची आहे, म्हणून सध्या ‘ख्रिस्त आमच्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे’ असे लिहिते आहे आणि पुढच्या ओळीत कर्जरोखा घेते आहे. तपासणाऱ्या बाईंना ते वचन पाठवले. त्या म्हणाल्या, मुलाचे प्रायश्चित्त ठीक, पण प्रायश्चित्त ‘आहे’ हे व्याकरण त्यांना अजून पटत नाही.

मात्रावृत्त
मलाही नाही. प्रायश्चित्त ही क्रिया आहे, व्यक्ती नव्हे.

अनुस्वार
विश्वासणाऱ्यांचे म्हणणे नेमके त्याच्या उलट आहे.

शाईदौत
यावर सावकाश बोलू. तोवर कोणी ‘तारण’बद्दल सांगाल का? आपण ‘ख्रिस्तात तारण आहे’ म्हणतो, आणि बँकेत तारण म्हणजे गहाण ठेवलेली वस्तू. दोन्ही शब्द एकाच ‘तारणे’तून आले की वेगळे?