लायसन्सआधी नजरेचा परीघ तपासा

दादा, तुमच्या वडिलांच्या मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालंय, लायसन्सची मुदतही संपलीय आणि त्यांना पुन्हा गाडी चालवायचीय, असं तुम्ही लिहिलंय. मुदत संपून वर्ष उलटलं असेल, तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार पुन्हा चाचणी द्यावी लागते. चाळिशीपुढच्यांना डॉक्टरांचा फॉर्म १-अ लागतोच.

पण माझा जीव अडकतो तो फॉर्म १ मध्ये, म्हणजे तब्येतीबद्दल स्वतः भरून द्यायच्या फॉर्ममध्ये. फिट (आकडी), शुद्ध हरपणं, चक्कर याबद्दल त्यात सरळ विचारलेलं असतं. तिथं खरं तेच लिहा, हात जोडून सांगतो. गाठ काढल्यावरही फिट येऊ शकते, फिटच्या गोळ्या कमी करताना तर फारच जपावं लागतं.

दुसरं म्हणजे नजर. गाठीमुळे कडेचं दिसणं कमी झालेलं असू शकतं. माझ्या मोठ्या भावाला समोरचं सगळं लख्ख दिसायचं, पण कोल्हापूरच्या दसरा चौकात डावीकडून आलेली मोपेड हँडलला टेकेपर्यंत कळायची नाही. चष्म्याच्या तपासणीत हे सापडत नाही. त्यासाठी पेरिमेट्री करतात: एका डोळ्यावर पट्टी, नजर मधल्या खुणेवर आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. ताराबाई पार्कातल्या आरटीओत जाण्याआधी ही तपासणी करून रिपोर्ट न्यूरोसर्जनना दाखवा. त्यांनी लेखी होकार दिला, तरच अर्ज भरा.