ऑडिटच्या आधी मागच्या तारखांच्या चेकलिस्ट भरायला सांगतायत, काय करू?

नवीन_डिप्लोमा_चाकण
नमस्कार. चाकणला एका प्रेस शॉपमध्ये आहे, मेकॅनिकल डिप्लोमा झाल्यावर हाच पहिला जॉब, आठ महिने झाले. सोमवारी कस्टमरचं ऑडिट आहे आणि याच महिन्यात फॅक्टरी इन्स्पेक्टर साहेब पण येतील असं ऑफिसात चाललंय. आमच्याकडे पत्रा दाबून पार्ट काढायचे ११ पॉवर प्रेस, रोज शिफ्ट सुरू व्हायच्या आधी टू हँड बटण (दोन्ही हातांनी दाबलं तरच प्रेस चालतो), लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा), इमर्जन्सी स्टॉप तपासून चेकलिस्ट भरायची असते पण पाच महिन्यांच्या फायली जवळपास कोऱ्या आहेत. काल सिनियरनी गठ्ठा टेबलावर ठेवला, म्हणाले सगळीकडे ओके मार, ऑपरेटरच्या सह्या घेऊ नंतर. वरून ४ नंबरच्या प्रेसचा लाइट कर्टन महिनाभर बायपास आहे, म्हणजे तो नसल्यासारखाच प्रेस चालवतात, सेन्सर गेलाय, ऑर्डर दिलीय पण आलेला नाहीये. ऑडिटच्या दिवशी तेवढा तो प्रेस बंद ठेवून मेंटेनन्सचा बोर्ड लावायचं ठरलंय. नाही म्हटलं तर नोकरीचं काय, हो म्हटलं तर सगळीकडे अक्षर माझं. झोप लागत नाहीये, कोणी अनुभवी असेल तर सांगा प्लीज.

सेफ्टीवाले_काका
बाळा, आधी पेन खाली ठेव. ३१ वर्षं सेफ्टीत काढली, बाहेरच्या कंपन्यांत ऑडिटलाही जायचो, तेव्हा मागच्या तारखेच्या नोंदी कळतात कशा ते सांगतो. पाच महिन्यांचे कागद, शाई एकच, कुठे तेलाचा डाग नाही, कोपरा दुमडलेला नाही. आपल्या पट्ट्यात गुरुवारची सुट्टी आणि चेकलिस्टमध्ये गुरुवारी पण ओके. ब्रेकडाऊन रजिस्टरमध्ये प्रेस तीन दिवस उघडून पडलाय आणि चेकलिस्ट म्हणते तपासला, चालू आहे. मी या दोन फायली शेजारी शेजारी ठेवायचो, दहा मिनिटं लागायची. कोरी फाईल सापडली की एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे ऑडिटमध्ये काढलेली त्रुटी) लागते, लागू दे, एनसीचं उत्तर देता येतं. खोटी सापडली तर त्यानंतर तुमचा कुठलाच कागद तो माणूस खरा धरत नाही, कॅलिब्रेशनचा पण नाही. आणि इन्स्पेक्टरचं म्हणशील तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून जो नवा सुरक्षा कोड लागू झालाय त्यात खोटं रेकॉर्ड करणं हा सरळ गुन्हा धरलाय.

आता कर काय, तर आजच्या तारखेपासून खरी चेकलिस्ट सुरू कर, आणि एका पानावर स्वच्छ लिही की अमुक ते अमुक तारखेपर्यंत नोंदी झालेल्या नाहीत, कारण हे, आजपासून जबाबदारी यांची. त्यावर डिपार्टमेंट हेडची सही घे, तुझी एकट्याची नको. उरलेल्या वेळात खरोखर महत्त्वाचे कागद शोध, म्हणजे कॉम्पिटंट पर्सनचे (सरकारमान्य तपासणाऱ्याचे) दाखले. गुड्स लिफ्टची तपासणी दर ६ महिन्यांनी लागते, क्रेन, चेन, स्लिंग वर्षातून एकदा, कॉम्प्रेसरच्या एअर रिसीव्हरची (हवेच्या टाकीची) बाहेरून तपासणी ६ महिन्यांनी. दाखल्यावरचा नंबर मशीनवर पंच केलेल्या नंबराशी जुळतो का ते जाऊन बघ, कारण साहेब कागद हातात घेऊन मशीनपाशीच जातात. आगीचे सिलिंडर पण बघून घे, सीओटूवाल्याला काटा नसतो, तो वजन करूनच कळतो.

क्वालिटी_ताई
काकांशी सहमत. थोडं ऑडिटच्या दिवसाबद्दल. ऑडिटर मॅनेजरला कमी आणि ऑपरेटरला जास्त विचारतो, म्हणून लोक आदल्या दिवशी ऑपरेटरला क्वालिटी पॉलिसी पाठ करायला लावतात आणि तो बिचारा घाबरून नको ते बोलतो. पाठ करून घेऊ नका. एवढंच सांगा की जे रोज करतोस ते दाखव, माहीत नसेल तर म्हण सुपरवायझरला विचारून सांगतो. आणि एनसी लागली तर क्लोजिंग मीटिंगमध्ये भांडू नका, शब्द नीट वाचून घ्या, स्टँडर्डच्या कुठल्या क्लॉजखाली (कलमाखाली) ते विचारा. उत्तरात "संबंधित कामगारास समज दिली" असं लिहू नका कृपया, मी असली उत्तरं परत पाठवते. पाच महिने चेकलिस्ट का भरली गेली नाही? आमच्याकडे शोधल्यावर कळलं की फॉर्म इंग्रजीत २२ पॉइंटांचा आणि शिफ्टच्या मध्ये वेळ फक्त पाच मिनिटं. मराठी-हिंदीत सहा पॉइंटांचा केला, लाइट कर्टनमध्ये टेस्टची दांडी घालून प्रेस थांबतो का बघायचं हा पहिला, मग भरायला लागले.

प्रेस_ऑपरेटर_१९९८
मी ऑपरेटर आहे, जास्त शिकलेला नाही, पण हे वाचून राहवलं नाही. २००९ ला माझी डाव्या हाताची दोन बोटं गेली, कंपनीचं नाव घेत नाही. त्या प्रेसचं एक बटण दाबून ठेवायला लाकडाची पट्टी लावलेली, मी लावली नव्हती, आधीपासूनच होती, प्रॉडक्शन निघावं म्हणून सगळे तशीच चालवायचे. चौकशी झाली तेव्हा चेकलिस्ट काढली, त्या दिवशीची पण टू हँड बटण ओके आणि खाली माझी सही. सही महिन्याच्या शेवटी एकदम घेतली होती तीसच्या तीस. मग रिपोर्टात आलं की मशीन ठीक होती, कामगाराने स्वतः छेडछाड केली. ईएसआयचे (कामगार विम्याचे) पैसे मिळाले पण वॉर्निंग लेटर पण मिळालं, ते अजून घरी आहे. भाऊ तुमच्याकडे ज्याच्या सह्या नंतर घेणार आहेत त्याचा विचार करा. तुम्हाला फक्त ऑडिटचं टेन्शन आहे.
आणि एक विचारतो, ४ नंबरवर आत्ता कोण आहे कामाला?

नवीन_डिप्लोमा_चाकण
दादा, तुमची पोस्ट तीन वेळा वाचली. ४ नंबरवर कंत्राटी मुलगा असतो, एकोणीस वर्षांचा, बिहारचा, सेकंड शिफ्टला. कर्टन बायपास आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही, मी पण नाही. सोमवारी बोर्ड लावायचा एवढंच डोक्यात होतं आणि आज प्रेस चालूच आहे.

सेफ्टीवाले_काका
आत्ता फोन कर. मेन स्विच बंद, कुलूप, टॅग, आणि किल्ली मेंटेनन्सवाल्याकडे. प्रॉडक्शनचं कोणी बोललं तर म्हणावं लेखी द्या की चालवा.

नवीन_डिप्लोमा_चाकण
केला. सुपरवायझर आधी चिडले, मग म्हणाले डाय (साचा) ५ नंबरवर लावता येते, सेटिंगला दीड तास जाईल. कुलूप लावल्याचा फोटो मागवलाय, आलाय. चेकलिस्टचा गठ्ठा उद्या सकाळी कोराच परत नेऊन देतो, काका सांगतात तसं एक पान लिहून. त्या मुलाशी पण उद्या शिफ्ट बदलताना थांबून बोलणार आहे.